कॅमेऱ्याची काच कोण पुसणार?

(1990 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘तंत्रज्ञान आणि आपण’. मलाच का, असं विचारलं तर म्हणे, “तू चिंचोळी एमआयडीसीत असतोस की बे, तिथं मशिनीच मशिनी.” हे म्हणजे दवाखान्यासमोर चहाची गाडी लावणाऱ्याला ऑपरेशनबद्दल विचारल्यासारखं झालं. बाळे, केगाव, कोंडी करत पुणे रस्त्यानं निघालं की मोहोळच्या आधी आमची एमआयडीसी लागते. तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. तीस वर्षं त्याच रस्त्यावर गेली. मशीन बंद पडलं की मला बोलावतात, चालू असताना कुणी नावही घेत नाही. त्यामुळं तंत्रज्ञानाबद्दल माझं मत जरा एकांगी असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मला पेपर वाचायची खोड आहे, ती याच शाळेच्या वाचनालयातली. त्यात तंत्रज्ञानाची बातमी आधी वाचतो आणि हसून घेतो. कारण या बातम्यांचे प्रकार दोनच. एक, उद्यापासून सगळं स्वस्त आणि सोपं होणार. दोन, उद्यापासून सगळं संपणार. परवाचं काय, ते कुणीच छापत नाही.

31 डिसेंबर 1999 आठवा. वायटूके! बारा वाजले की जगातले कॉम्प्युटर 2000 सालाला 1900 समजणार, विमानं पडणार, बँका बुडणार. आमच्या कारखान्यात तेव्हा अख्खा एक कॉम्प्युटर होता, हिशेबाच्या केबिनमध्ये, सोलापुरी चादरीखाली झाकलेला. तरी मला रात्रपाळीला बॅटरी घेऊन थांबवलं. बरोबर बाराला पाच कमी असताना लाइट गेली. सगळे ओरडले, “झालं, आलं!” मी म्हटलं, आलं नाही बाबांनो, गेलं. आणि ते रोजच जातं.

10 सप्टेंबर 2008 ला जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये मोठं यंत्र सुरू होणार होतं. आपल्या टीव्हीवाल्यांनी पृथ्वी कृष्णविवरात जाणार म्हणून धुरळा उडवला. आमचे दोन हेल्पर मालकाकडं उचल मागायला गेले. जग बुडायच्या आधी मटण खाऊन घ्यायचं होतं त्यांना. मालक म्हणाले, “जग बुडणार असेल तर मी वसूल कुणाकडनं करू?” यंत्र सुरू झालं, जग राहिलं, उचल मात्र मिळाली नाही.

2016 च्या नोव्हेंबरात दोन हजारच्या नोटेत चिप असते म्हणत होते. आमच्या वेल्डरनं नोट उजेडात धरून तासभर चिप शोधली. 2023 मध्ये नोटच परत घेतली, चिप काही सापडली नाही. त्याच वर्षी, म्हणजे 2016 लाच, 251 रुपयांत स्मार्टफोन मिळणार होता. इथं पहिल्या रांगेत बसलेल्या एकानं तेव्हा दोन नोंदवले होते. नाव घेत नाही, तो स्वतःच हसतोय बघा.

आणि 19 जुलै 2024 ची बातमी मला सगळ्यांत आवडलेली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं चुकीचं अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. मला आमच्या मराठीच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायचात आणि आम्ही म्हणायचो, याचा पुढं काय उपयोग!

आता एआय आलंय. त्याचा आपल्या ग्रुपवरचा परिणाम तुम्ही बघताच. ज्याला दहावीला मराठीत पस्तीस पडले, तो हल्ली वाढदिवसाला लिहितो, “आपल्या जीवनपथावर यशाची सुवर्णकिरणे सदैव उधळत राहोत.” अरे, तू आयुष्यात कुणाला ‘आपल्या’ म्हटलायस का बे? तुझ्या तोंडचं “काय बे जाड्या, अजून जिवंत हाईस?” हेच आम्हाला गोड लागतं.

तर हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण एआयची बातमी आली की सोलापूरच्या माणसानं फार दचकू नये, असं मला वाटतं. कारण याचं मूळ आपल्याच घरात अंथरलेलं आहे. चादरीवरचा मोर कसा उठतो? जॅकार्डवर. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास ते यंत्र केलं. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. भोक असेल तिथं हूक वर, नसेल तिथं खाली, त्यानुसार ताण्याचे धागे उचलतात. म्हणजे नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून कार्डावर गेली. तीच कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं गणिताच्या यंत्रासाठी उचलली. 1890 ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. तिथून पुढं कॉम्प्युटर. तेव्हा आपल्या आजोबांनी कॉम्प्युटरचा चुलता डोक्याशी घेऊन झोपा काढल्या आहेत.

आणि तेव्हाही भांडण झालंच. 1811 पासून इंग्लंडात विणकाम करणारे कारागीर रात्री जाऊन यंत्रं फोडायचे. त्यांना लडाइट म्हणत. 1812 मध्ये तिथल्या सरकारनं यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. आज हा शब्द अडाणी, नव्याला घाबरणारा अशा अर्थानं वापरतात. मला ते पटत नाही. ती माणसं यंत्रावरच काम करणारी, हुशार कारागीर होती. यंत्र आल्यावर वाचलेली मजुरी कुणाच्या खिशात जाणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो अडाणी प्रश्न नाही.

हे सगळं मी पुस्तकातलं बोलतोय असं वाटेल. नाही. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडं एक कॅमेरा आला.

टॉवेलचं कापड मागावरून उतरलं की तपासणीच्या टेबलावर येतं. खाली ट्यूबलाइट, वर कापड सरकत राहतं आणि बायका त्यातले दोष शोधतात. तुटलेला धागा, तेलाचा डाग, उपटलेला लूप. दिसला की खडूनं खूण. दोन पाळ्यांत तीन-तीन अशा सहा जणी. त्यातली एक आपल्याच शाळेची, आपल्यामागं तीन वर्षं. तिला विचारूनच हे सांगतोय.

कॅमेऱ्याबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर आला. पोरगा गुणी. म्हणाला, “काका, हे एआय आहे. दमत नाही, जांभई देत नाही, चहाला जात नाही.” मी म्हटलं, “काच कोण पुसणार?” तो म्हणाला, “कसली काच?” आता टॉवेलच्या कारखान्यात हवेतच कापूस असतो. संध्याकाळपर्यंत आमच्या भुवया पांढऱ्या होतात. अर्ध्या तासात कॅमेऱ्याच्या काचेवर तूस बसली आणि त्याला झाडून सगळे टॉवेल डागाळलेले दिसायला लागले. इंजिनिअरनं पुसली. परत बसली. शेवटी एक बाई दर वीस मिनिटांनी उठून पदरानं पुसायला लागली. जगातलं सगळ्यांत नवं तंत्रज्ञान, आणि त्याला पदर लागतो. ही बातमी मी अजून कुठं वाचली नाही.

पण खोटं बोलणार नाही, कॅमेरा चांगला आहे. रात्री नऊनंतर माणसाचे डोळे थकतात, त्याचे नाही थकत. सुटले असते असे बारीक डाग त्यानं धरले. मात्र त्याला दोष दिसतो, दोष कुठून आला ते कळत नाही. आपल्या शाळेची ती बाई कापडावरून हात फिरवते आणि म्हणते, “अण्णा, चौदा नंबरची फणी बघा, तार वाकलीय.” जाऊन बघतो तर खरंच वाकलेली. कॅमेरा तोच दोष रात्रभर मोजत बसला असता.

खरी गोष्ट पुढं आहे. कॅमेऱ्याला शंका आली की पडद्यावर चित्र येतं आणि बाईनं बटण दाबायचं, दोष आहे किंवा नाही. मी इंजिनिअरला विचारलं, हे कशाला? म्हणाला, “त्यावरून तो शिकतो, काका. पाच-सहा महिन्यांत विचारायची गरज कमी होईल.” मी म्हटलं, “मग या बायका?” तो मोबाईल बघायला लागला.

सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत, त्याचा पगार घेतलात. कमी होता, माहीत आहे. पण आम्ही पास झालो म्हणून तुम्हाला शाळेतून कुणी काढलं नाही. इथं विद्यार्थी पास झाला की मास्तरीण घरी, आणि शिकवल्याचा एक रुपयाही वेगळा नाही.

मार्चमध्ये मालकांनी मला बोलावलं. सहापैकी किती जणी लागतील, लिहून द्या म्हणाले. पेपरात येतं, एआय नोकऱ्या खाणार. एआयनं मला काही विचारलं नाही हो. कागद माझ्यापुढं होता आणि पेन माझं होतं.

माझे वडील मिलमध्ये होते, तुमच्यातल्या निम्म्यांचे होते. भोंगा झाला की आपल्या आया डबे भरायच्या. मिल बंद पडल्यावर वडील एकच सांगायचे, “नवे माग घेतले नाहीत रे, जुन्यावरच रेटलं.” त्यामुळं कॅमेरा नको असं मी लिहू शकत नव्हतो. माल परत यायला लागला तर सहा नाही, सगळेच घरी जाऊ. मी हिशेब केला आणि लिहिलं, ‘चार पुरेत’. सही करायची राहिली होती. तो कागद तीन दिवस डब्याच्या पिशवीत घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी ती बाई काच पुसता पुसता म्हणाली, “अण्णा, तुम्ही लिहून देणार म्हणे. पोरीची फी जूनमध्ये आहे, तेवढं बघा.” तिला काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. मी खाली बघून फणी घासत बसलो. ती स्वच्छच होती.

दुसरा कागद लिहिला. कॅमेरा ठेवा. चौघी कॅमेऱ्यावर, दोघी मागांच्या खात्यात, म्हणजे दोष कापड उतरायच्या आधीच सापडेल. आणि ज्या बायका कॅमेऱ्याला शिकवतात त्यांना शिकवणी भत्ता द्या, तो शिकला म्हणून वर्षभर कुणाला काढू नका. मालक ‘शिकवणी भत्ता’ वाचून मोठ्यानं हसले. मग परत वाचलं. मग म्हणाले, “बघू.” आता सोलापुरात ‘बघू’ म्हणजे हो, नाही, पुढच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर, यातलं काहीही असू शकतं.

एक तारखेला सांगणार आहेत. काय ठरलं ते ग्रुपवर टाकीन. स्वतः टाइप करून टाकीन, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ठेवून, म्हणजे मीच लिहिलंय हे बाईंना कळेल.

संयोजक घड्याळ दाखवतायत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी तयार आहे, पंख्याखालच्या जागा सरांसाठी सोडा.