रक्ताचा कर्करोग : कुळाचा दोष कीं कामाचा?

एखाद्या घरांत रक्ताचा कर्करोग निघाला, कीं आप्तेष्टांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो हा : “तुमच्या घराण्यांत पूर्वीं कोणाला हें झालें होतें काय?” प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पाठीमागें मुलीचें लग्न, सुनेची कुचंबणा आणि आईच्या मनाला लागलेली टोचणी उभी असते. संशोधकांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें आहे, तें पुष्कळांच्या समजुतीहून निराळें आहे.

प्रथम बाहेरून येणारीं कारणें पाहावीं. तुर्कस्तानांतील इस्तंबूल शहरीं जोडे करणार्‍या कारागिरांच्या हातीं एक चिकट द्रव्य आलें. आपल्याकडील कारागीर ज्याला ‘सोल्यूशन’ म्हणतात, त्याच जातीचें. त्यांत बेंझीन होतें. कोंदट, लहानशा खोल्यांतून दिवसभर त्याची वाफ श्वासावाटे आंत जाई. मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांच्या लक्षांत आलें, कीं आपल्याकडे येणार्‍या रोग्यांत जोडेवाले वारंवार दिसतात. १९६७ ते १९७३ या काळांत अशा २६ कारागिरांस ल्यूकेमिया झाल्याची नोंद त्यांनीं केली, व १९७४ सालीं ती प्रसिद्ध केली. धंद्यांत एकंदर माणसें सुमारें २८,५०० होतीं. हिशेब केला तेव्हां प्रमाण लाखामागें वर्षाला १३ निघालें. सामान्य जनतेंत तें ६ धरलें जाई. त्या द्रव्यांतून बेंझीन काढून टाकल्यावर पुढें असे रोगी कमी होत गेले, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाहून बोलकी आहे.

बेंझीन स्वतः जितकें घातक, त्याहून यकृतांत त्याचें रूपांतर होऊन निघणारे पदार्थ अधिक घातक. ते हाडांतील मज्जेच्या मूळ पेशींना इजा करतात. हें कळूनही कायदा हळूच चालला. अमेरिकेंत १९७८ सालीं कारखान्याच्या हवेंतील मर्यादा दहा लाख भागांत १० वरून १ वर आणण्याचा नियम निघाला. धंदेवाले न्यायालयांत गेले. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला, आणि तीच मर्यादा १९८७ सालीं पुनः आली. मधल्या काळांत श्वास घेणार्‍यांचा हिशेब कोणीं ठेवावा?

आतां घराण्याचा प्रश्न. एकरूप जुळ्यांपैकीं एका तान्ह्या बाळास ल्यूकेमिया झाला, तर दुसर्‍यासही होण्याचा संभव फार मोठा असतो. रोग आईबापांकडून आला, असेंच कोणीही म्हणेल. परंतु १९९३ सालीं लंडनचे मेल ग्रीव्ह्ज व त्यांचे सहकारी यांनीं अशा जुळ्यांच्या रोगपेशी तपासल्या. एक जनुक दोघांतही नेमकें एकाच जागीं तुटून भलतीकडे जोडलें गेलें होतें. मात्र तो दोष वडिलोपार्जित नव्हता. गर्भांत असतांनाच एका बाळाच्या एका पेशींत बिघाड झाला, आणि तिची संतति दोघांच्या सामाईक वारेंतून दुसर्‍याच्या रक्तांत उतरली. पुढें, नवजात बालकांच्या टांचेंतून घेऊन कागदावर वाळविलेले रक्ताचे जुने थेंब तपासतां, नंतर आजारी पडलेल्या कित्येक एकट्या मुलांतही असा जन्मापूर्वींचा बिघाड सांपडला. तरीही असा बिघाड घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना रोग होत नाहीं. त्यासाठीं आणखी आघात घडावा लागतो.

म्हणजे दोष जनुकांत असतो, पण बहुधा वंशांत नसतो. ज्या आईनें आपल्या रक्ताला वर्षानुवर्षें बोल लाविला, तिला हें कोणींतरी नीट समजावून सांगितलें पाहिजे.

अपवाद थोडे, पण खरे आहेत. रनएक्स-१ या जनुकांतील दोष कांहीं कुटुंबांतून पिढ्यानुपिढ्या उतरतो, हें १९९९ सालीं सिद्ध झालें. अशा आईचें वा बापाचें प्रत्येक मूल तो घेऊन येण्याचा संभव निम्मा असतो. त्यांतले सर्वच आजारी पडतात असें नाहीं. येथें मात्र घराण्याची चौकशी अत्यावश्यक ठरते. कारण रोग्याला मज्जा देण्यास सख्खा भाऊ आनंदानें पुढें येतो, आणि आधीं तपासणी न केल्यास तोच दोष त्याच्या मज्जेबरोबर पुनः रोग्याच्या शरीरांत जाऊं शकतो.