सुई तरंगते, मग नाव का उलटते?

मी म्हैसूरहून बोलतोय. वाटीभर पाण्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा, त्यावर हलकेच सुई ठेवा. कागद भिजून खाली जातो, सुई वर राहते. लोखंड पाण्याहून जड, तरीही. हा प्रयोग आपण शाळेत केलाय. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ: तरंगणारी वस्तू तोल कशावर सांभाळते?

सुईखालचं पाणी ताणलेल्या कापडासारखं किंचित दबतं आणि कडेने तिला वर ओढतं. हाच पृष्ठताण. त्याची ताकद मोजता येते: पाण्याला टेकलेल्या कडेच्या दर मीटरमागे साधारण ७ ग्रॅम. चार सेंटिमीटरच्या सुईच्या दोन्ही बाजू मिळून कड ८ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त आधार. सुईचं वजन पाव ग्रॅमच्या आत. म्हणून ती तरते. तीन इंची खिळ्याला जेमतेम १ ग्रॅम आधार मिळतो आणि त्याचं वजन असतं ५-६ ग्रॅम. तो बुडतो.

सुईचा तोलही हाच ताण राखतो. एक टोक खाली गेलं की तिथलं पाणी जास्त दबतं आणि जास्त जोराने वर ढकलतं. पण टोक पाण्यात घुसलं की खेळ संपला. साबणाचा थेंब टाका. ताण निम्म्याहून खाली येतो, सुई ओली होते आणि तळाशी जाते. तळ्यावर धावणारे लांब पायांचे किडे याच ताणावर जगतात. पाय फाकवून ते वजन वाटून घेतात.

आता मोठी वस्तू घेऊ. इथून जवळच, तलकाडला कावेरीत गोल टोपलीसारख्या नावा चालतात. कन्नडमध्ये त्यांना हरिगोलू म्हणतात. अशा दोन मीटर रुंद नावेची कड सव्वासहा मीटर. पृष्ठताणाचा आधार किती? फार तर ४६ ग्रॅम, एका अंड्याएवढा! वस्तू दुप्पट मोठी केली की कड दुप्पट होते, वजन मात्र आठपट. म्हणून नावेच्या हिशेबात पृष्ठताण नसल्यासारखाच.

नाव तरते ती बाजूला सारलेल्या पाण्यावर. आणि तोल? नाव कलली की खाली गेलेली बाजू जास्त पाणी सारते आणि तिथून वर येणारा जोर तिला सरळ करतो. बूड जितकं रुंद आणि वजन जितकं खाली, तितकी नाव पक्की. माणूस उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो. सगळे एका बाजूला झुकले की नाव स्वतःला सावरू शकत नाही. जास्त माणसं भरली की काठ पाण्याजवळ येतो, आणि थोडंसं कललं तरी पाणी आत शिरतं. आत शिरलेलं पाणी सगळ्यात वाईट. ते नेमकं कललेल्या बाजूला धावतं आणि नावेला आणखी कलवतं.

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. अनेकांचे जीव गेले. बोट निघाली तेव्हा ती तरंगत होती, हे लक्षात घ्या. तरंगणं आणि कललं तरी सावरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लष्करात नदी ओलांडायच्या सरावात वल्हं हातात मिळायच्या आधी बसायला शिकवायचे. तेच सांगतो. लाइफ जॅकेट आधी घाला, मग चढा. एकेकाने चढा, आणि चढताना पाय नावेच्या मधोमध टाका. तळाशी बसा, सामान पायाशी ठेवा. फोटोसाठी उभं राहू नका. पाणी आत आलं तर डबा, तांब्या, जे मिळेल त्याने लगेच उपसा. किनारा आला की सगळे एकदम उठू नका. पुष्कळदा नाव तिथेच कलते. आणि जागा संपली असं नावाडी म्हणाला, तर घासाघीस करू नका. मागच्या खेपेची वाट पाहा.

घरी मुलांना सुईचा प्रयोग जरूर दाखवा. त्यानंतर रिकामी परात पाण्यात सोडा, तिच्यात एका कडेला पाण्याचा भरलेला तांब्या ठेवा आणि काय होतं ते त्यांनाच पाहू द्या.

जय हिंद.