मातीचा घसारा कोण धरणार?

(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नाशिक जिल्हा कागदावर एक आहे, पण निसर्गाने त्याचे दोन मुलूख केले आहेत. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला येवल्यात, मालेगावात ५०० च्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, घाटमाथ्यावर ते रिते होतात आणि आपल्या वाट्याला पर्जन्यछाया येते.

पाऊस, माती, झाडझाडोरा आणि जनावरे यांचा जिथे मेळ बसतो त्या मुलखाला शास्त्रज्ञ जैवप्रदेश म्हणतात. घाटातले दाट जंगल हा एक. गवत, बाभूळ, हिवर, बोरीचा आपला माळ हा दुसरा. सरकारी दप्तरात असा माळ बहुधा 'पडीक' म्हणूनच लागतो! येवल्याच्या ममदापूर-राजापूरचा काळवीट याच 'पडीक' गवतावर जगतो. आपली गुरेही त्यावरच जगली.

हे गवत नुसता चारा नाही. त्याची मुळे माती धरतात, पाणी जिरवतात. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पाऊस धावत निघून गेला तर विहिरीला काय येणार? मोठ्या सरीनंतर नाल्याला गढूळ लोंढा येतो, तेव्हा आपली जमीनच चाललेली असते. बोटभर माती तयार व्हायला शतके लागतात.

कापसाचा उत्पादन खर्च काढताना औजारांचा घसारा धरतात. मातीचा घसारा कोणी धरत नाही. तो तोटा आपण मुकाट्याने सोसतो आणि दोन तासे जास्त मिळावीत म्हणून बांधही नांगरतो. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही, नड म्हणेन. पण नडीपायी मुद्दलच खाल्ले तर पोराबाळांना व्याज कशाचे?

ज्वारी सोडली, कडबा गेला. कडबा गेला, बैल गेला, शेण गेले. माती उपाशी राहिली. ही साखळी पुन्हा जोडता येते. थोडी तरी ज्वारी पेरा. पेरणी उताराला आडवी करा. बांधावर मारवेल वाढू द्या. कापसात तुरीची ओळ ठेवा. तिचा पाला रानातच गळतो. फरदड न घेता पऱ्हाट्या बारीक करून कुजवा; बोंडअळीचे घरही मोडते.

भावासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. पण ज्या जमिनीच्या मालाला भाव मागायचा, ती जमीन जागेवर राहिली पाहिजे. येत्या मृगाआधी प्रत्येकाने निदान एक बांध धरावा, एवढेच मागणे.