घटपर्णी घरी आली, आता पुढे काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त बागप्रेमी सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण)



हल्ली नर्सरीत कीटक खाणारी घटपर्णी मिळू लागली आहे. मुलं हट्ट करतात, आपण घेतो. दोन-तीन आठवड्यांत तिचे घट वाळतात आणि कुंडी कचऱ्यात जाते. माझं सांगणं एवढंच, की घट वाळले म्हणजे झाड मेलं असं नव्हे.

घट म्हणजे फूल नाही, ते पानच. पानाचं टोक दोरीसारखं लांबतं आणि त्याला झाकणाचा घट येतो. भारतात ही वनस्पती मेघालयाच्या डोंगरात उगवते. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी', म्हणजे भुताची टोपली म्हणतात. तिथली माती निकस असते, म्हणून नत्राची गरज ती किड्यांतून भागवते. आपल्या कास पठारावरचे दवबिंदू आणि सीतेची आसवं हेच करतात. मेघालयातल्या रानातल्या घटपर्णीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा रोपवाटिकेत वाढवलेलं रोपच घ्यावं.

आता ब्राह्मणपुरीचं बघा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी आणि पाणी बोअरचं. नर्सरीच्या दमट सावलीतून आलेलं रोप इथे गांगरणारच. म्हणून आल्या आल्या कुंडी बदलू नका. आधी दोन आठवडे पूर्वेच्या गॅलरीत, थेट ऊन लागणार नाही पण उजेड भरपूर असेल अशा जागी ठेवा. वरून पारदर्शक पिशवी सैल घाला, तिला चार भोकं पाडा, आणि पिशवीवर ऊन पडू देऊ नका. मग रोज थोडा थोडा वेळ पिशवी काढत जा. कूलरजवळ ओलावा मिळतो, पण त्याचा झोत अंगावर नको. प्रवासात घटातलं पाणी सांडलं असेल तर चमचाभर स्वच्छ पाणी घाला, काठोकाठ भरू नका.

कुंडी बदलायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम, एप्रिल-मे टाळा. जुन्या कुंडीपेक्षा एकच माप मोठी, प्लॅस्टिकची, तळाला भोकं असलेली घ्या. शेवाळ (नर्सरीत स्फॅग्नम मॉस मागा) आणि परलाइट निम्मे-निम्मे घ्या. नारळाच्या सालीचे तुकडे वापरायचे तर दोन-तीन पाण्यांत धुऊन मीठ काढा. आपली काळी माती, शेणखत, गांडूळखत यांपैकी काहीही नको. इतर झाडांचं जे पोषण, ते हिच्या मुळांना जाचक. मुळं बारीक, काळी आणि ठिसूळ असतात. काळी दिसली म्हणून कुजली समजून छाटू नका. गोळा न फोडता अलगद ठेवा आणि भोवती मिश्रण सैल भरा.

पाणी हा खरा प्रश्न. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तेच क्षार कुंडीत साठतात. म्हणून पावसाचं पाणी झाकून साठवा किंवा एसीच्या नळीतून गळणारं पाणी वापरा. कूलरच्या टाकीतलं मात्र चालणार नाही, त्यात क्षार आणखी दाट होतात. मिश्रण ओलसर राहावं, पण कुंडीखाली बशीत पाणी तुंबू देऊ नका. जमिनीतून उभे नळकांडे फुटणारी अमेरिकन जात बशीतल्या पाण्यात राहते. आपली लोंबत्या घटांची तशी नाही.

मुलांनो, घटात पनीर, मटणाचा तुकडा, साखर टाकायची नाही. गॅलरीतल्या मुंग्या-माश्या पुरतात. आणि एकही किडा मिळाला नाही तरी ती लगेच मरत नाही, हिरवी पानं उजेडावर अन्न करतातच.

मी बँकेत उभा जन्म काढला. नव्या खात्याकडे पहिल्या महिन्यात भरघोस व्यवहार मागत नाहीत, खातं चालू राहिलं पाहिजे. घटपर्णीचंही तसंच. जुने घट वाळले तर वाळलेला भाग तेवढा कापा, पान हिरवं असेल तर राहू द्या. खरी खूण देठाच्या शेंड्यावर असते. तिथून नवं पान आलं तर झाड रुळलं. नवा घट यायला त्यानंतरही वेळ लागतो, पण हवेत दमटपणा असेल तर तो येतो.

तेव्हा कुंडी टाकण्याआधी शेंडा बघा. हिरवा असेल तर झाड जिवंत आहे. आणि तुम्हाला जमत नसेल, तर शेजाऱ्याच्या सावलीच्या गॅलरीत चार महिने ठेवा. सोसायटी त्यासाठीच असते.