शेजारच्या शेडमध्ये बर्ड फ्लू निघाला तर आपल्या कोंबड्या का माराव्यात?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कुक्कुटपालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा प्राध्यापक आहे, पशुवैद्यक नाही. तरीही हा विषय घेतला, कारण आपल्या भागात शेड आणि शेत वेगळे काढता येत नाही. शेतातला मका खाद्य होऊन शेडमध्ये जातो आणि शेडमधले खत टोमॅटो, कांदा, द्राक्षाला येते. शेडवर संकट आले की ते शेतापर्यंत पोहोचतेच.

आपल्या देशात पाळीव कोंबड्यांतील बर्ड फ्लूची पहिली नोंद १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली. तेथे लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या आणि त्याच वर्षी नवापूरला रोग पुन्हा आला. दर वेळी कुक्कुटपालकांचा प्रश्न एकच होता : आजारी पक्षी मारा, पण धडधाकट पक्षी कशासाठी? कॅनडात एका शहामृगपालनाचा हाच वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पक्षी मारण्यात आले.

प्रश्न रास्त आहे. पण धडधाकट दिसणारा पक्षी निरोगी असतोच असे नाही. लक्षणे दिसण्यापूर्वीच विषाणू विष्ठेतून व नाका-तोंडाच्या स्रावातून बाहेर पडू लागतो. मग तो चपलेला, खाद्याच्या पोत्याला, गाडीच्या चाकाला लागून पुढच्या शेडवर जातो. तीव्र प्रकारात शेडमधील बहुतेक पक्षी काही दिवसांतच मरतात. म्हणून आजारी पक्षी निवडून मारण्याने रोग थांबत नाही.

लस का नाही, असेही विचारले जाते. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देणे सुरू केले. परंतु लस दिलेला पक्षी आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकतो, त्यामुळे सतत तपासणी ठेवावी लागते. भारताच्या २०२१ च्या कृती आराखड्याचा भर बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करण्यावरच आहे.

मात्र हे क्षेत्र लहान झाले आहे. २००६ साली ३ किलोमीटर परिघातील पक्षी मारले गेले, तर २०२१ च्या आराखड्यात हा परीघ १ किलोमीटर आहे. लहान परीघ पुरा पडतो तो खबर लवकर मिळाली तरच. ही खबर शेडमधूनच यायची असते. ती द्यावी की दडवावी, हे कुक्कुटपालक भरपाईकडे पाहून ठरवतो.

येथेच खरी अडचण आहे. २०२१ साली राज्यात आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल पक्ष्याला ७० रुपये, तर त्याखालील पक्ष्याला २० रुपये असा दर होता. आपला ब्रॉयलर साधारण चाळीस दिवसांत विक्रीला जातो, म्हणजे त्या दरांत बहुतेक पक्षी २० रुपयांतच बसत होते. करारपद्धतीत पिल्लू व खाद्य कंपनीचे, शेड, वीज व मेहनत शेतकऱ्याची. भरपाई मोजली जाते पक्षी, अंडी व खाद्य यांवर. रिकाम्या शेडचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब त्यात नाही. कलिंग आवश्यक आहे, असे माझे मत आहे. पण भरपाई खर्चाला धरून, वेळेवर आणि पाळणाऱ्याचा वाटा ठरवून मिळाली नाही, तर खबर दडपली जाईल आणि परीघ पुन्हा वाढेल.

तरीही खबर दडवणे आपल्याच तोट्याचे आहे. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. अचानक मर वाढली, तुरा-गलोल निळे पडले, डोके सुजले तर मानमोडी समजून घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत होते.

२. मर चालू असताना पक्षी, अंडी, खत शेडबाहेर काढू नये. स्वस्तात मिळाले म्हणून असे खत शेतात टाकू नये.

३. मेलेल्या कोंबड्या उसाच्या कडेला, ओढ्यात किंवा धरणाच्या पाण्यात टाकू नयेत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने मेले. आपल्या उसात बिबट्या आहे, हे सांगायला नको.

४. पक्ष्यांची संख्या, वय, खाद्य व रोजची मर यांची नोंदवही ठेवावी. भरपाईच्या वेळी तोच पुरावा असतो.

५. पुढची बॅच टाकण्यापूर्वी कंपनीला विचारावे : पक्षी मारावे लागले तर भरपाईत माझा वाटा किती? उत्तर करारात लेखी घ्यावे. दहा-वीस जणांनी मिळून विचारले तर ते लवकर मिळेल.