डोळ्याआधी पॅटर्न विचारा

बालरोग विभागातून मुद्दाम आलेले पाहुणे आणि रात्रीची गाडी पकडून गडचिरोली-गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतच्या गावांतून आलेले माझे नेत्रतज्ज्ञ मित्र,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बालकांतील आनुवंशिक रक्तविकार आणि नेत्ररोग : एक आढावा’ असं छापलं आहे. आढावा सुरू करतो. तो शेवटपर्यंत आढावाच राहील, याची हमी मात्र देत नाही.

आधी थॅलेसेमिया. या मुलांना जन्मभर रक्त चढवावं लागतं, त्यातून शरीरात लोह साचतं आणि ते काढायला औषध द्यावं लागतं. डेफेरॉक्सामिनने पडद्यावर रंगद्रव्याचे बदल होतात. मूल संध्याकाळी ठेचकाळू लागतं, रंग ओळखताना चुकतं. डेफेरासिरॉक्सच्या गोळ्यांवर असलेल्या काही मुलांच्या भिंगात धूसरपणा येतो. म्हणून वर्षातून एकदा डोळे आणि कान दोन्ही तपासायचे. यावर जास्त बोलत नाही, कारण या मुलांचे आईबाप संघटित आहेत. फाइल घेऊन ते तुमच्या दारात उभे राहतात आणि तपासायला लावतात. हिमोफिलियाबद्दल एकच सांगतो. डोळ्याला मार लागलेलं मूल आलं की सूज किरकोळ दिसते म्हणून घरी पाठवू नका, रक्त डोळ्यामागे साठत असू शकतं. फॅक्टर आधी, हत्यार नंतर.

आता सिकलसेल. हा आपल्या घरचा आजार. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीतल्या आदिवासींत झाली. 1958 मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो या नागपुरातून. म्हणजे ही गोष्ट आपल्याला माहीत होऊन साठ वर्षांवर काळ लोटला. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी 1971 मध्ये सिकलसेलच्या पडद्याच्या पाच पायऱ्या मांडल्या : कडेच्या रक्तवाहिन्या बंद होणं, त्यांची आपसात जोडणी, समुद्री पंख्यासारखी नवी जाळी, मग डोळ्यात रक्तस्राव, शेवटी पडदा सुटणं. पहिल्या तीन पायऱ्या चढताना मूल भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचतं. शाळेच्या शिबिरात तक्ता वाचला की कागदावर ‘डोळे नॉर्मल’ असा शिक्का पडतो. बाहुली मोठी करायचे थेंब कोणी घातलेलेच नसतात. सिकलसेलच्या मुलांचा पडदा दहाव्या वर्षापासून थेंब घालून बघावा आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा बघावा, असं अमेरिकेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे दहा वर्षांच्या किती मुलांचा पडदा बघितला जातो, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

यावर आपल्यातले काही विद्वान म्हणतात की आपला सिकलसेल सौम्य आहे. आपल्या मुलांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, समुद्री पंखे जास्त करून एससी प्रकारात दिसतात आणि तो आपल्याकडे दुर्मीळ. सगळं खरं. पण माझ्या बाकावर कॉलेजात जाणारी एक एसएस मुलगी बसली होती. ‘डोळ्यासमोर काळे धागे तरंगतात’ म्हणत होती आणि तक्त्यावर अजून 6/6 वाचत होती. थेंब घालून कडेला नजर टाकली तेव्हा पंखा होता आणि त्याच्या टोकातून रक्त झिरपत होतं. ‘सौम्य’ हा शब्द त्या दिवसापासून मी वापरत नाही. ज्यांना वापरायचा आहे त्यांनी आधी कडा बघायला शिकावं.

पण आज बोलायला उभा आहे तो यासाठीही नाही. पडद्याचं दुखणं हळू चालतं, त्याला निदान वेळ असतो. माझं भांडण आहे ते डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात साचणाऱ्या रक्ताबद्दल, हायफिमाबद्दल. आणि एसएस मुलांपेक्षा एएस पॅटर्नच्या मुलांबद्दल, ज्यांना आपण वाहक म्हणतो आणि ‘याला काही होत नाही’ म्हणून सोडून देतो.

धान कापणीचे दिवस होते. अकरा-बारा वर्षांचा एक पोरगा आईबरोबर आला. गिल्ली-दांडा खेळताना गिल्ली डोळ्यावर बसली होती. एका ठिकाणी चार दिवस उपचार झाले होते, ते कुठे हे सांगत नाही. उजव्या डोळ्यात बुबुळाच्या खालच्या काठाशी रक्ताची आडवी रेघ होती, जेमतेम दोन मिलिमीटर. इतकं रक्त साध्या पोराच्या डोळ्यातून आठवड्यात निघून जातं. दाब मात्र अडतीस. हातातल्या चिठ्ठीवर अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, दिवसातून तीन वेळा.

मी आईला विचारलं, ‘याचं सिकलसेल कधी तपासलं होतं का?’ तिने पिशवीतून पन्नी काढली. पन्नीत राशन कार्ड, आधार आणि चार घड्या घातलेलं एक कार्ड : एएस. ‘शाळेत तपासलं होतं जी. आमाले कोनी इचारलंच नाही.’

गोल्डबर्ग यांनी 1979 सालीच लिहून ठेवलं आहे की पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तिथे अडकलेल्या वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या वाकतात. वाकलेली पेशी ताठर होते, गाळणीच्या जाळीतून पलीकडे जात नाही. रक्त थोडं, दाब मोठा. त्यात अ‍ॅसिटाझोलामाइड दिलं की आम्लता वाढते आणि पेशी अधिक वाकतात. म्हणजे दाब उतरवायच्या गोळीनेच दाब चढतो. आणि या मुलांची नेत्रनाडी तो दाब साध्या मुलासारखा सोसत नाही. पुस्तकातला नियमही वेगळा आहे : दाब 24 च्या वर चोवीस तास राहिला तर थांबायचं नाही, कप्पा धुऊन घ्यायचा.

गोळ्या बंद करून आम्ही त्याच दिवशी धुऊन घेतला. रक्त गेलं, दाब उतरला. नेत्रनाडीचं तोंड मात्र फिकट पडलं होतं. नजर 6/60 वर थांबली. आई विचारत होती, ‘रगत तं गेलं ना जी, मग दिसत काहून नाही?’ तिला नेत्रनाडीचं चित्र काढून समजावलं. ती चित्राकडे बघत राहिली आणि मग विचारलं, ‘चार दिवस आधी तुमच्याकडे आलो असतो तं?’

एएस हा आजार की नुसती अवस्था, असा वाद गेल्या अधिवेशनात तासभर रंगला होता. वाद घालणाऱ्यांनी त्या पोराला भेटावं.

सॉल्युबिलिटी टेस्ट म्हणजे काय आहे? थेंबभर रक्त, नळीत सोडियम डायथायोनाइटचं द्रावण, पाच मिनिटं. नळी वर्तमानपत्रासमोर धरायची. अक्षरं दिसली तर सिकल नाही, द्रावण गढूळ होऊन अक्षरं बुडाली तर आहे. एएस की एसएस ते इलेक्ट्रोफोरेसिस नंतर सांगेल, पण गोळी थांबवायला गढूळ नळी पुरते. सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसवू शकते, पण सहा महिन्यांचं बाळ गिल्ली-दांडा खेळत नाही. मार लागलेल्या मुलाला डोळ्याची सोनोग्राफी करायला आपण शहरात पाठवतो आणि ही नळी तालुक्याच्या दवाखान्यात कपाटात पडून असते.

आणखी एक कडू बोलतो. आपल्यातले काही जण पॅटर्न विचारायचा की नाही, ते आडनाव ऐकून ठरवतात. आदिवासी वाटला तर विचारतात, नाहीतर नाही. सिकलसेल अनुसूचित जातींत आहे, कुणबी-तेल्यांत आहे, आणि गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांतही आहे. तिथल्या नेत्रतज्ज्ञाला तर हा प्रश्न सुचतही नाही. उलट बाजूही सांगायला हवी. मुलीचं लग्न अडेल म्हणून कितीतरी घरं कार्ड लपवतात. तेव्हा नुसतं विचारून भागणार नाही, तपासावंच लागेल. विचारायचं असेल तर आईला बाजूला घेऊन विचारा, बाहेरच्या बाकावर सासूसमोर नको.

सरकारने 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य आहे. चांगली गोष्ट आहे. पण कार्ड घरोघरी पोचलं आणि डोळ्याच्या डॉक्टरने ते मागितलंच नाही, तर ते पन्नीतच राहणार.

पुढच्या वर्षभरात काय करायचं? मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर वयाच्या खाली ‘पॅटर्न’ असा एक रकाना असावा, असं मला वाटतं. कार्यकारिणीने तो छापून घ्यावा. हायफिमाच्या मुलांची एक सामायिक नोंदवही हवी, ती कोणी ठेवायची ते ठरवू. बालरोगतज्ज्ञांशी बसून दहाव्या वर्षापासूनच्या पडदा तपासणीचंही काही जमवता येईल. तपशील मी लिहून देईन म्हणालो होतो, अजून झालेला नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी जिल्हा रुग्णालयाच्या तंत्रज्ञांनी तपासणीचं सामान मांडलं आहे. या सभागृहातल्या निम्म्याअधिक लोकांना स्वतःचा पॅटर्न माहीत नसणार, अशी माझी पैज आहे. चहाच्या आधी बोट पुढे करा. पहिलं सत्र सव्वाअकराला सुरू होईल, त्यात डॉक्टर मंडळी लेसरवरून भांडणार आहेत. मी मागच्या रांगेत बसून ऐकेन.