पानं कातरणारी एकटी माशी

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेचा अर्धगोल तुकडा कात्रीनं कापल्यासारखा गायब झालेला पाहिलाय? अळी खाते तेव्हा कड वेडीवाकडी राहते, इथं ती स्वच्छ असते. हे काम पानं कातरणाऱ्या मेगाकायली माशीचं.

तिला ना पोळं, ना राणी, ना कामकरी. सगळा संसार एकटीचा. जबड्यांनी काही सेकंदांत तुकडा कापायचा, पोटाशी धरून उडायचं आणि लाकडातल्या भोकात किंवा पोकळ काडीत तुकडे गुंडाळून कोठडी करायची. आत पराग आणि मकरंद कालवायचा, त्यावर एकच अंडं, मग पानाच्या गोल चकत्यांचं झाकण. त्यापुढं दुसरी कोठडी. माद्यांची अंडी सहसा आत आणि नरांची दाराशी, कारण नर आधी बाहेर पडतात. नियोजन म्हणावं ते हे!

ही पराग पायांवर नाही, पोटाखालच्या केसांत कोरडाच वाहते, त्यामुळे तो फुलाफुलांवर सहज सांडतो. आपल्याकडे तुरीच्या फुलांवर या माश्या येतात. लसूणघासाच्या फुलात शिरलं की आतला दांडा फटकन उसळतो. मधमाशी तो फटका टाळून बाजूनं मकरंद चोरायला शिकते, ही मात्र बेधडक शिरते. म्हणून अमेरिका-कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी मेगाकायली रोटंडाटा ही जात मुद्दाम पाळतात.

या कातरकामानं झाडाला सहसा इजा होत नाही. तेव्हा गुलाबावर औषध फवारण्याआधी पानाची कड नीट बघा, आणि जमलं तर आडोशाला एका टोकाला बंद असलेल्या बारीक बांबूचे चार तुकडे आडवे बांधून ठेवा.